उजनीच्या पाण्यावरील सहल आणि कांठचा शेतकरी

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरास दोन गोष्टी ठरलेल्या असतात : सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि शेतावरचा हुरडा. परगांवच्या पाहुण्यानें तळ्यामधील त्या देवळांत जाऊन दर्शन घ्यावें आणि दुसऱ्या दिवशीं आपण त्यास कोणाच्या तरी रानांत नेऊन आगटीजवळ बसवावें, ही चाल आमच्या लहानपणापासूनची आहे. त्याबद्दल कोणी पैसे घेतल्याचें ऐकिवांत नव्हतें. अलीकडे त्यांत तिसरी एक गोष्ट येऊन मिळाली आहे, ती म्हणजे उजनीच्या फुगवट्यावरील एक दिवसाची सहल. होडींतून पक्षी दाखवावे, पाण्यानें वेढलेल्या एखाद्या बेटावर उतरवावें, जुन्या गांवाची एखादी भिंत दाखवावी, मासळीचें जेवण घालावें, हुरडा चारावा आणि दिवस मावळतां मंडळींस मोटारींत बसवून द्यावें, असा तिचा क्रम असतो. गेल्या माघांत पुण्यास नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्यानें आपल्याबरोबर आमचेही पैसे भरले, म्हणून ती आम्हांस पाहावयास मिळाली.

सहलीची टवाळी करावी असा आमचा हेतु नाहीं. ही सहल करमाळा व माढा तालुक्यांतील कांठच्या शेतकऱ्यानें स्वतःच्या हातीं घ्यावी असें आमचें स्पष्ट मत झालें आहे. मात्र आम्हीं ती ज्या रीतीनें चाललेली पाहिली, त्या रीतीनें ती हातीं घेण्यांत अर्थ नाहीं.

प्रथम पाण्याविषयीं. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असें नांव आहे. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी त्यांत मावतें आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारें ६३ अब्ज घनफूट, हा मृत सांठा होय. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतील जीं गांवें बुडालीं, त्यांतील पुष्कळशीं या मृत सांठ्याखालीं निजलेलीं आहेत. पाऊस ओढून पाणी मृत सांठ्याच्याही खालीं उतरलें, म्हणजेच तीं वर येतात. पळसदेवचें जुनें देऊळ असेंच दुष्काळाच्या सालीं वर येतें आणि वर्तमानपत्रांत त्याचीं छायाचित्रें छापून येतात. शहरांतील लोक तें पाहावयास धांवतात. कांठचा माणूसही जातो, पण तो पाहावयास जात नाहीं. आपली वेस कोठें होती, विहीर कोठें होती, हें शोधावयास जातो.

आम्ही महसूल खात्यांत कारकून म्हणून लागलों, तेव्हां भूसंपादन होऊन बरींच वर्षें लोटलीं होतीं. तरी त्या वेळचीं बाडें दप्तरखान्यांत असत आणि पुनर्वसनाच्या अर्जांवर शेरा लिहिण्यासाठीं तीं वारंवार सोडावीं लागत. कोणाचा सर्व्हे नंबर किती, त्यांत आंब्याचीं झाडें किती, विहीर बांधीव कीं कच्ची, मोबदला किती, हें सर्व त्यांत नोंदलेलें होतें. त्यामुळें होडींत बसतांना आमच्या मनांत पक्ष्यांपेक्षां हीं बाडेंच अधिक होतीं, हें आम्ही कबूल करतों.

जेऊर स्टेशनावर उतरून आम्ही मोटारीनें कांठावर गेलों. एकंदर २२ असामी होत्या. वाटाड्या म्हणून बरोबर आलेला मुलगा तरतरीत होता. पक्ष्यांची माहिती त्यानें उत्तम सांगितली. रोहित पक्षी आपलें डोकें पाण्यांत उलटें घालून चोंचीच्या चाळणीनें चिखलांतील बारीक जीव व शेवाळ कसें गाळून खातो, हें त्यानें हाताच्या ओंजळीनें करून दाखविलें. हे पक्षी कच्छच्या रणांत वीण घालतात आणि पाणी उथळ झालें म्हणजे इकडे येतात. धरण तुडुंब असलें तर त्यांस उभें राहावयास जागाच नसते आणि ते उशिरानें उतरतात. पट्टकादंब नांवाचे हंस तर हिमालय ओलांडून येतात. तेच रात्रीं आपल्या हरभऱ्यांत व गव्हांत उतरतात, ही गोष्ट त्या मुलास ठाऊक नव्हती, पण आमच्या वाचकांस ती सांगावयास नको.

पुढें पाण्यांतून वर आलेलें एका पडक्या भिंतीचें टोंक दिसलें. त्याकडे बोट करून मुलानें सांगितलें कीं येथें एका सरदाराचा खजिना बुडाला असून अमावास्येस पाण्याखालून घंटा ऐकूं येते. मंडळी खूष झाली. वल्हें मारणारा म्हातारा मात्र मान खालीं घालून हंसला. आम्हीं त्यास हळूच विचारलें. तो म्हणाला, "सरदार कसला रावसाहेब, ती चावडीची भिंत हाय. तितंच आमचा बा शेतसारा भराया जायचा." आमच्यापुरती सहल त्या वाक्यानें सार्थकीं लागली. परंतु इतर २१ जण ती घंटाच घरीं घेऊन गेले.

आमचें पहिलें म्हणणें येथें आहे. पाण्याखालीं गेलेला गांव हीच या सहलीची खरी मालमत्ता आहे. पक्षी भिगवणासही दिसतात. किंबहुना इंदापूर तालुक्यांतील कुंभारगांवच्या मच्छीमारांनीं तो धंदा केव्हांच हातीं घेतला आणि स्वतःच वाटाडे होऊन त्यांनीं नांव मिळविलें. त्यांचें आम्हांस कौतुक वाटतें. पण चावडी कोठें होती, जत्रेचा छबिना कोणत्या वाटेनें निघे, नदींतील डोहास काय नांव होतें, हें सांगणारीं माणसें सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत. ज्याचा गांव गेला, त्यास स्वतःच्या गांवाबद्दलची खोटी गोष्ट भाड्याच्या होडींत वल्हें मारीत ऐकावी लागते. यांत पैशाचा प्रश्न नंतरचा आहे.

तरी पैशाचाही पाहूं. माणशीं १,८०० रुपये घेतले होते, म्हणजे २२ माणसांचे ३९,६०० झाले. ज्याच्या चिंचेखालीं जेवण झालें, ज्याच्या विहिरीचें पाणी प्यालों, ज्याच्या बांधावरून दिवसभर लोक तुडवीत गेले, त्या खातेदारास आम्हीं विचारलें. त्यास दिवसाचे ५०० रुपये मिळतात. होडीवाल्यांस यापेक्षां बरें, पण फार बरें असें नाहीं. चालकाचा मोटारखर्च, जाहिरात व जोखीम धरली तरी ही वांटणी आमच्या हिशेबांत बसली नाहीं. पूर्वीं आडत्यानें तोलाईंत काय केलें तें आपण पाहिलेंच आहे. आतां सावलीचीही आडत सुरू झाली म्हणावयाची.

जेवणाविषयीं लिहावें कीं न लिहावें असें वाटत होतें, पण लिहितों. मासळी ताजी होती. जलाशयांत चिलापी अमाप सांपडते आणि रोहू-कटलाही मिळतात. परंतु त्या मासळीस नारळाचें वाटण घातलेलें होतें! करमाळ्याच्या रानांत कोंकण कोठून आलें, असें आम्हीं आचाऱ्यास विचारतां, "शहरच्या लोकांस तसेंच लागतें," असें उत्तर मिळालें. आमची समजूत उलट आहे. नारळाची आमटी त्यास पुण्यास मिळते. काळा मसाला आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट घालून केलेलें कालवण, उखळांत कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी, महिनाभर टिकणारी कडक भाकरी, हें त्यास येथेंच मिळावयाचें. जेवण झाल्यावर केळीं दिलीं, तीं मात्र कांठचींच होतीं आणि उत्तम होतीं. कंदरच्या बाजूचीं केळीं आखाती देशांपर्यंत जातात, हें त्या मंडळींस कोणी सांगितलें असतें, तर त्यांनीं बागही पाहिली असती आणि फण्याही विकत नेल्या असत्या.

हुरडा तर पोत्यांतून आणलेला होता. कांठास पाणी आलें, तसा ऊस आला, केळी आली आणि ज्वारी मागें सरली. याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं, कारण ज्यास बारमाही पाणी आहे तो ऊस लावणारच. परंतु हुरडा हा ताटावरून आगटींत आणि आगटींतून हातावर, असाच खावयाचा असतो. कणीस मोडून रात्र गेली कीं त्याची गोडी उतरते. ज्यास सहलीचे पाहुणे घ्यावयाचे आहेत, त्यानें पांच-सात गुंठे गूळभेंडी राखावी आणि ती एकदम न पेरतां उत्तरेपासून आठ-आठ दिवसांच्या अंतरानें तीन-चार तुकड्यांत पेरावी, म्हणजे मार्गशीर्षाच्या अखेरीपासून माघापर्यंत कोणता ना कोणता तुकडा दाणा भरून तयार असतो. पाखरें राखण्याचा त्रास आहे खरा. पण गोफण फिरविणारा गडी हासुद्धां शहरच्या मुलांस पाहावयाचाच असतो.

आतां या धंद्यांतील ज्या एका बाबतींत हयगय चालणार नाहीं तिच्याकडे वळतों. २१ मे २०२४ रोजीं कुगांवहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यांत उलटली आणि सहा जण बुडाले. एकटा पोहून कांठास लागला. तीं माणसें सहलीस निघालेलीं नव्हतीं. पलीकडच्या कांठास जाण्याची तीच जवळची वाट होती. त्यापूर्वीं २०१७ च्या एप्रिलअखेर अजोतीजवळ होडी उलटून माळशिरस तालुक्यांतील चार डॉक्टर बुडाले, ते मात्र फिरावयासच आले होते. हें पाणी तळ्याचें नव्हे. कित्येक कोस मोकळ्या पसरलेल्या पाण्यावर वारा चढला म्हणजे लाटा उठतात, आणि चैत्र-वैशाखांत दुपार टळल्यावर वळिवाचा वारा केव्हां सुटेल याचा नेम नसतो. आम्ही गेलों त्या दिवशीं हवा शांत होती. परंतु २२ माणसांत तरंगतीं जाकिटें १४ होतीं. तीं बायका-मुलांस दिलीं आणि बाकीच्यांस "पाणी फार खोल नाहीं" असें सांगण्यांत आलें. ज्या ठिकाणीं हें सांगितलें तेथें पूर्वीं नदीचें पात्र होतें, हें आम्हांस नंतर त्या म्हाताऱ्यानें सांगितलें. जितकीं जाकिटें तितकींच माणसें, परवान्याशिवाय होडी नाहीं, उन्हाळ्यांत दुपारीं बारानंतर पाण्यावर कोणी नाहीं, आणि निघावयाचें कीं नाहीं हा शब्द नावाड्याचा, पैसे घेणाऱ्याचा नव्हे. इतकें ज्यास पाळवत नसेल त्यानें पाहुण्यांस बांधावर बसवून हुरडा घालावा आणि पाण्याकडे दुरून बोट दाखवावें.

कागदपत्रांविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस भाग आहे, कारण आमचें आयुष्य त्यांतच गेलें. पाण्याच्या कडेची जी पट्टी उन्हाळ्यांत उघडी पडते, ती संपादित जमीन असून सरकारची आहे, मग ती आपल्या आजोबांची कां असेना. गाळपेरीस ती दिली जाते ती पिकापुरती. तिच्यावर झोंपडी, ओटा वा पायऱ्या बांधून सहलीचा धंदा मांडल्यास पुढें नोटीस येईल आणि तेव्हां गांवकामगारास शिव्या देऊन उपयोग होणार नाहीं. जें करावयाचें तें सातबाऱ्यावर आपलें नांव असलेल्या जमिनींत करावें. सातबारा सामाईक असेल तर भावांची लेखी संमति आधीं घ्यावी. उत्पन्न दिसूं लागलें म्हणजे परगांवचा भाऊ प्रथम आठवतो, हें आम्हीं शेकडों प्रकरणांत पाहिलें आहे. राज्य सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण ठरविलें असून त्याखालीं एकट्या शेतकऱ्यास तसेंच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेसही पर्यटन खात्याकडे केंद्र नोंदवितां येतें. एकट्यानें होडी, जाकिटें, मोटार व जाहिरात हा सर्व भार उचलणें कठीण. पण आठ-दहा खातेदार आणि चार होडीवाले मिळून संस्था केली, तर एकाकडे हुरडा, दुसऱ्याकडे जेवण, तिसऱ्याकडे केळीची बाग अशी वांटणी होऊं शकते.

गाळपेरीवाल्यांनीं आणखी एक गोष्ट करावी. पाणी हटेल तसतसा नांगर अगदीं कडेपर्यंत नेण्याची आणि फवारा मारण्याची जी घाई होते, ती पांच-दहा पावलें अलीकडे थांबवावी. रोहित पक्ष्यास तोच ओला चिखल लागतो. ती पट्टी नांगरून पिकणार किती आणि पक्षी गेल्यानें जाणार किती, याचा हिशेब ज्याचा त्यानें मांडावा. हंसांनीं हरभरा खाल्ला तर मात्र चिडण्याचा हक्क शेतकऱ्यास आहे, आणि सहलीच्या उत्पन्नांतून अशा खातेदारास कांहीं द्यावें असें आम्हांस वाटतें. पक्षी सर्वांनीं पाहावे आणि पीक एकट्यानें गमवावें, हा न्याय नव्हे.

परत येतांना आम्ही त्याच म्हाताऱ्याच्या होडींत बसलों. मध्यें एके ठिकाणीं त्यानें वल्हें थांबविलें आणि पाण्याकडे पाहून म्हणाला, "हितं आमचं रान." आम्हीं सवयीनें सर्व्हे नंबर विचारला. त्यानें तो बापाच्या नांवासह, आकारासह, एका दमांत सांगितला. वाटाड्या मुलगा आमच्याकडे पाहातच राहिला. त्या मुलानें पुढच्या खेपेपासून घंटेची गोष्ट सोडून द्यावी, एवढें आम्हीं त्यास समजावून सांगितलें आणि त्यानेंही तें हंसत कबूल केलें.

येत्या वार्षिक सभेंत आम्ही असा ठराव मांडणार आहों कीं, आपल्या संघानें बुडालेल्या गांवांच्या वेशी, देवळें, चावड्या, विहिरी व डोह यांचीं नांवें जुन्या माणसांकडून उतरवून घ्यावीं आणि कांठचे जे सभासद सहल चालवूं इच्छितात त्यांस तीं द्यावीं. हें लेखनिकाचें काम विनावेतन करावयास आम्ही तयार आहों. ज्यांच्या घरीं त्या गांवांचे जुने उतारे, सनदा, शेतसाऱ्याच्या पावत्या किंवा छायाचित्रें असतील, त्यांनीं तीं बाजाराच्या दिवशीं संघाच्या कचेरींत घेऊन यावीं. नकलून घेऊन मूळ कागद त्याच दिवशीं परत करूं. ज्यांस लिहितां येत नाहीं अशा वृद्धांस त्यांच्या मुलांनीं किंवा नातवांनीं बरोबर आणावें. जेऊरहून येणाऱ्यांच्या गाडीभाड्याची सोय करण्याविषयीं चिटणिसांस आम्ही विनंति केली आहे.