पहिल्या तपासणीतल्या चार ओळी

तापाने फणफणलेल्या, बारीकसा आवाजही सहन न होणाऱ्या एका बापाने मुलांच्या रडण्याला वैतागून कुऱ्हाड उचलली आणि पोटच्या लेकरांचा जीव घेतला. तो पळाला नाही, त्याने काही लपवलेही नाही. लक्ष्मण दगडू याचा हा खटला १८८६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. आपण काय करतो आहोत हे त्याला कळत होते, असे म्हणून न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. पुढे २००२ साली महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. कायद्याच्या पुस्तकांत ते भोसले खटला म्हणून ओळखले जाते. या शिपायाने १९९४ मध्ये दिवसाढवळ्या पत्नीच्या डोक्यात दगड घातला होता. तोही पळाला नव्हता, त्यानेही काही लपवले नव्हते. त्याला न्यायालयाने निर्दोष ठरवले.

दोन्ही प्रकरणांत घटनेनंतरचे वागणे सारखेच आहे. फरक पडला तो कागदांमुळे. शिपायावर १९९२ पासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. वडिलांनाही मनोविकार होता. घटनेनंतर जून ते डिसेंबर १९९४ या काळात त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते. हे सारे नोंदलेले होते, म्हणून ‘पळाला नाही’ ही गोष्ट आजाराचे लक्षण म्हणून वाचली गेली. नोंदीच नसत्या, तर तेच वागणे बेदरकारपणा ठरले असते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेचे कलम ८४ आता कलम २२ झाले. क्रमांक बदलला, कसोटी तीच राहिली. १८४३ मध्ये लंडनमधल्या मॅकनॉटन खटल्यानंतर जे नियम ठरले, त्यांचाच हा वारसा आहे. आपल्या कृत्याचे स्वरूप काय आहे, किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे, हे कृत्याच्या वेळी मनोविकलतेमुळे जाणण्यास जो असमर्थ होता, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. ‘कृत्याच्या वेळी’ या शब्दांवर सारा खटला उभा असतो. नुसते निदान पुरत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ३ हेच वेगळ्या बाजूने सांगते: एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो मनोविकल आहे असे मानता येत नाही.

आणि इथेच आपली, डॉक्टरांची, पंचाईत होते. न्यायालय आपल्याला एका विशिष्ट घटकेबद्दल विचारते आणि आपण त्या घटकेला हजर नसतो. आरोपी मनोविकारतज्ज्ञापुढे येतो तो बहुधा काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. तोवर कारागृहात औषधे सुरू झालेली असतात, भ्रम ओसरलेले असतात आणि आठवणींवर पोलीस, वकील, नातेवाईक या सगळ्यांच्या बोलण्याचा थर चढलेला असतो. अशा रुग्णाला पाहून महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळबद्दल छातीठोकपणे सांगणे कोणालाच शक्य नसते.

त्या घटकेच्या सर्वांत जवळ पोहोचतो तो कॅज्युअल्टीतला ड्युटीवरचा मेडिकल ऑफिसर. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. कलमात जखमा आणि मारहाणीच्या खुणा नोंदवण्याचा उल्लेख आहे, म्हणून आपणही तेवढेच पाहतो. रात्री दोन वाजता पोलीस माणसाला घेऊन येतात, बाहेर अपघाताचे रुग्ण खोळंबलेले असतात. कागदावर उमटते ते एवढेच: ताज्या जखमा नाहीत, जनरल कंडिशन फेअर, कोठडीसाठी फिट. समोरचा माणूस स्वतःशी पुटपुटत होता का, कोपऱ्याकडे बघून कोणाला उत्तरे देत होता का, घडले त्याबद्दल काय सांगत होता, शेवटची गोळी कधी घेतली होती, हे कुठेच राहत नाही. ही माहिती त्या रात्री तिथे असते. सहा महिन्यांनी ती जगात कुठेही मिळत नाही.

मनःस्थिती नोंदवायला कायद्याने कुणालाही बंदी केलेली नाही. दिसणे, बोलणे, भास-भ्रम, भान: चार ओळी पुरतात. निष्कर्ष लिहू नये. ‘कलम २२ लागू होते’ हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. जे दिसले, जे ऐकले, ते शक्यतो रुग्णाच्याच शब्दांत, वेळ घालून लिहावे. ओपीडीच्या केस पेपरलाही हेच लागू आहे. ‘स्टेबल, तेच उपचार चालू’ या शेऱ्याचा न्यायालयात काही उपयोग होत नाही. ‘पंधरा दिवस गोळ्या बंद, बायको जेवणात विष कालवते म्हणतो, दोन दिवस घरी जेवलेला नाही’ ही नोंद उपचारालाही उपयोगी पडते आणि कदाचित वेळीच एक जीवही वाचवते.

आपल्या नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न न्यायाचाच होऊन बसतो. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, नाशिकला नाही. सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वरच्या पाड्यावरचा माणूस बडबडू लागला की घरचे आधी भगताकडे नेतात. वर्षानुवर्षांच्या आजाराची एकही चिठ्ठी घरात नसते. शहरातल्या नोकरदाराकडे फाइल असते, याच्याकडे नसते. आजार तोच असताना एक जण उपचाराला जातो आणि दुसरा नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात जन्मठेप भोगतो, असे होता कामा नये. अशा माणसासाठी अटकेनंतरची तपासणी हा आयुष्यातला पहिला मानसोपचाराचा कागद असू शकतो. सोबत आलेल्या आईला, भावाला दोन प्रश्न विचारावेत. केव्हापासून बिघडले, भगताकडे किती वेळा नेले, हेही लिहावे. पूर्वीच्या आजाराची माहिती तपासात मिळूनही पोलिसांनी वैद्यकीय तपासणी करवली नाही, तर तो सरकारी पक्षाच्या बाजूतला गंभीर दोष ठरतो आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बापू विरुद्ध राजस्थान राज्य या निकालात बजावले आहे.

यामुळे सोंगे घेणाऱ्यांचे फावेल, ही भीती अनेकजण बोलून दाखवतात. प्रत्यक्षात चांगली नोंद सोंग उघडेही पाडते. जानेवारी २०१२ मध्ये स्वारगेटहून एसटी पळवून पुण्याच्या रस्त्यांवर नऊ जणांचा बळी घेणाऱ्या चालकाने मनोविकाराचा बचाव घेतला होता. तो न्यायालयांनी स्वीकारला नाही. २०१९ मध्ये फाशीची जन्मठेप झाली, दोषसिद्धी मात्र कायम राहिली. शिवाय मनोविकलतेमुळे निर्दोष ठरलेला माणूस सरळ घरी जातो, हाही गैरसमज आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ प्रमाणे न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवण्याचा आदेश देते.

साक्षीला जाताना तीन प्रश्न वेगवेगळे ठेवायला हवेत. कृत्याच्या वेळी तो कसा होता, आज तो खटला समजून स्वतःचा बचाव करू शकतो का, आणि शिक्षेनंतर आजार बळावला तर काय करायचे. दुसऱ्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेची ३६७ पासूनची कलमे आहेत. तिसऱ्याचे उत्तर २०१९ च्या ‘आरोपी एक्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात आहे. दोषी ठरल्यानंतर जडलेल्या गंभीर मनोविकारामुळे तिथे फाशी रद्द झाली. यांची सरमिसळ झाली की आपला अहवाल उलटतपासणीत टिकत नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. अटकेतल्या व्यक्तीच्या मनःस्थितीची नोंद कशी घ्यावी, याचा एक धडा प्रत्येक इंटर्नला मिळायला हवा, आणि जिल्ह्यातल्या सर्व रुग्णालयांत त्या तपासणीच्या फॉर्मवर या चार ओळींसाठी छापील रकाना हवा. ही मागणी आपण संघटनांमार्फत लावून धरू. पण रकाना छापून येईपर्यंत थांबायचे कारण नाही. फॉर्मच्या तळाशी कोरी जागा आजही असते. पुढच्या ड्युटीपासून ती वापरायला लागू या.