दम्याच्या माणसाने नाक कसे जपावे?



गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. एक आजी पांढरे लुगडे नेसून रोज वेळेवर यायच्या, पण आत न येता दाराबाहेर पायरीवर बसायच्या. आम्हाला वाटले, गुडघे दुखत असतील. चार-पाच दिवसांनी विचारले तेव्हा म्हणाल्या, "दादा, पावसामुळं खिडक्या लावलेल्या, आत उदबत्तीचा धूर कोंडतो. आधी नाक चोंदतं, मग रातभर छाती वाजती. हितनंच ऐकू येतं की."

आम्ही खजील झालो. देवळाच्या दारात अडवलेल्या माणसांची आपण लेकरे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांनी नाशिकला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू केला, तो माणूस म्हणून आपला हक्क मागण्यासाठी. आणि आज आपल्याच विहाराच्या दाराबाहेर आपली एक म्हातारी माणूस बसते. तिला बाहेर ठेवणारा दुसरातिसरा कोणी नाही, आपणच पेटवलेल्या उदबत्त्यांचा धूर आहे.

'आधी नाक, मग छाती' हे आजींचे बोलणे मात्र आमच्या मनात राहिले, कारण वैद्यकशास्त्रही तेच सांगते. म्हणून आजचा हा लेख.

श्वासाची वाट एकच

नाकापासून फुप्फुसापर्यंतची वाट एकच आहे आणि तिचे आतले अस्तरही बरेचसे सारखेच आहे. नाकाचे काम नुसते वास घेण्याचे नाही. ते हवा गाळते, ओलसर करते, कोमट करते आणि मग छातीत सोडते. कपाळात, गालांच्या हाडांत, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात आणि त्याच्याही मागे खोल, अशा हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. त्यांत तयार होणारा चिकट स्राव बारीक छिद्रांतून नाकात उतरत असतो. अस्तर सुजले की ही छिद्रे बंद होतात. मग कपाळ जड होते, गाल दुखतात, शेंबूड मागच्या मागे घशात उतरतो आणि रात्री खोकला सुटतो. नाक बंद म्हणून माणूस तोंडाने श्वास घेतो आणि न गाळलेली थंड, कोरडी हवा थेट छातीत जाते. दम्याच्या माणसाला एवढे निमित्त पुरते.

दमा असलेल्या बहुतेकांना नाकाचाही त्रास असतो. १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने जमलेल्या तज्ज्ञांनी या दोन्ही दुखण्यांकडे एकत्र पाहावे, दमेकऱ्याचे नाक आणि सतत शिंकणाऱ्याची छातीही तपासावी, असा आग्रह धरला. आपल्याकडे मात्र नाक गळते त्याला 'सर्दीचा कोठा' म्हणून सोडून देतात आणि छाती भरली की धावाधाव करतात.

आपला नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, कोरड्या हवेचा आणि धुळीचा. मळणी यंत्रापुढे बाजरीची कूस उडते, कांद्याच्या मार्केटात पाला-पापुद्रा उडतो, बांधावर गाजर गवत फुलते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात. तिथे कोपीतल्या चुलीचा धूर आणि पहाटेची थंडी सोसत बाया-माणसे आणि लेकरे महिनोन्‌महिने काढतात. या कामातली पुष्कळ माणसे आपलीच आहेत. धूळ चुकवता येत नाही. म्हणूनच रोजची निगा ही चैन नव्हे, गरज आहे.

किल्ल्यातला दमेकरी

नगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ या काळात पंडित नेहरू, मौलाना आझाद आदी नेते कैदेत होते, हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्यात आचार्य नरेंद्र देव होते, हे थोड्यांना ठाऊक असते. ते समाजवादी पुढारी आणि बौद्ध दर्शनाचे गाढे अभ्यासक होते. त्यांना दम्याचा जुनाट विकार होता. तशा प्रकृतीत किल्ल्यात बसून त्यांनी वसुबंधूंच्या 'अभिधर्मकोशा'चे फ्रेंचमधून हिंदी भाषांतर करण्याचे काम केले. 'बौद्ध धर्म दर्शन' हा त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला आणि १९५७ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते गेले १९ फेब्रुवारी १९५६ रोजी. आपल्या दीक्षेचे तेच वर्ष. आणि दाबून औषध छातीत ओढण्याचा पंप अमेरिकेत पहिल्यांदा बाजारात आला तोही १९५६ सालीच. जे साधन आचार्यांना मिळाले नाही, ते आज आपल्या हाताशी आहे. ते पदराआड लपवण्यात कसला शहाणपणा?

तथागतांनी दिलेली अनुज्ञा

नाकाची निगा आपल्या परंपरेला नवी नाही. विनयपिटकातील महावग्गात औषधांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात स्थविर पिलिंदवच्छ यांच्या डोकेदुखीची हकीकत येते. आधी डोक्याला तेल लावण्याची मुभा दिली, गुण आला नाही. मग नाकातून औषध घेण्याची दिली, ते ओघळून जाऊ लागले. मग नाकात औषध सोडण्याची नळी दिली. ती दोन नाकपुड्यांत कमी-जास्त सोडू लागली, म्हणून जोडनळी दिली. त्यानेही भागेना तेव्हा औषधी धूर ओढण्याचीही अनुज्ञा दिली. यात आम्हाला उपायापेक्षा रीत महत्त्वाची वाटते. कोणाला साकडे घातले नाही, गंडा-दोरा बांधला नाही. करून पाहिले, चुकले ते सुधारले, पुढे गेले. याच रीतीने पुढे आलेले शास्त्र आज सांगते की दमेकऱ्याला कोणताही धूर घातक, आणि तूप-तेल नाकात घातले तर ते फुप्फुसात उतरून अपाय होऊ शकतो. म्हणून आज नाकासाठी मिठाचे पाणी.

रोजचा परिपाठ

एक लिटर पाणी खळखळून उकळावे. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तरी उकळत ठेवावे, मग झाकून कोमट होऊ द्यावे. त्यात चहाच्या चमच्याने सपाट दीड चमचा, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. आयोडीनचे मीठ काहींच्या नाकाला झोंबते. त्यांनी औषधाच्या दुकानातली नाक धुण्याची तयार पुडी वापरावी. एका वेळेला पाव लिटर पाणी पुरते. उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

पाणी उकळण्यात हयगय करू नये. बोअरचे, टँकरचे, कॅनॉलचे किंवा नळाचे पाणी तसेच नाकात घालू नये. गोड्या पाण्यात एक अमिबा असू शकतो. तो पोटात गेला तर काही करीत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोचला तर जीव घेतो. २०११ साली अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसे अशीच दगावली. केरळातही २०२४ आणि २०२५ साली अशा आजाराचे रुग्ण आढळले.

मोरीपुढे पुढे वाकावे, मान एका बाजूला कलती करावी, तोंड उघडे ठेवून तोंडाने श्वास घ्यावा आणि वरच्या नाकपुडीत नेतीच्या तोटीने किंवा मऊ बाटलीने हलक्या हाताने पाणी सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. मग दुसरी बाजू. शेवटी एकेक नाकपुडी हळूच शिंकरावी. जोर केला तर कानात दडा बसतो. शेतातून, कारखान्यावरून किंवा बाजारातून घरी आल्यावर संध्याकाळी एकदा हे करावे. दम लागला असताना, नाक पूर्ण बंद असताना किंवा कान दुखत असताना करू नये. प्रत्येकाची बाटली वेगळी असावी आणि ती रोज धुऊन वाळवावी.

डॉक्टरांनी नाकाचा फवारा दिला असेल तर तो नाक धुतल्यानंतर मारावा. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजवीसाठी डावा हात वापरावा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. सूज उतरवणाऱ्या फवाऱ्याचा गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत सोडून देऊ नये. याउलट नाक झटकन मोकळे करणारे थेंब तीन-चार दिवसांपेक्षा जास्त घालू नयेत. पुढे त्या थेंबांनीच नाक चोंदू लागते.

वाफ सोसत असेल तर साध्या पाण्याची घ्यावी. बाम, कापूर, निलगिरी त्यात टाकू नये, काहींना त्यानेच उबळ येते. लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर बसवू नये, भाजल्याचे प्रकार होतात. गोधड्या-चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात आणि उन्हात घालाव्यात. मळणीला आणि झाडलोटीला चांगला मास्क लावावा. पदर किंवा रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

किराणा दुकानातली गोळी

सायनसने डोके ठणकले की आपण दुकानातून गोळी आणतो. इथे दमेकऱ्याने थांबावे. काही जणांना, विशेषतः मोठेपणी दमा सुरू झालेल्यांना आणि ज्यांच्या नाकात मांसल कोंब वाढले आहेत किंवा वास येणे बंद झाले आहे अशांना, अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनी दम्याचा जोरदार झटका येतो. आपल्याला कोणती गोळी चालते हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद घरात सर्वांना ठाऊक असावा.

नाकाची निगा म्हणजे छातीच्या औषधाला पर्याय नव्हे. रोजचा पंप रोज घ्यायचा आणि त्यानंतर चूळ भरायची. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हणून तिचा पंप फडताळात लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. आई-बापांनो, पंप लपवून लग्न जमेल, पण सासरच्या चुलीपुढे त्या लेकीचा श्वास कोंडेल त्याचे काय? सांगून सवरून द्या.

एक वाक्य सलग बोलता येईना, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळसर दिसले किंवा पंपाने उतार पडेना, तर १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. डोळ्याभोवती सूज, दिसण्यात फरक, तीव्र ताप आणि मान ताठणे ही सायनसची धोक्याची लक्षणे आहेत. तेव्हाही घरी बसू नये.

विहाराबद्दल थोडेसे

आजींचे ऐकल्यावर आम्ही विहारात बैठक घेतली. काही जण म्हणाले, उदबत्तीशिवाय वंदना कशी? आम्ही म्हणालो, फूल कोमेजते तेव्हा ते आपल्याला अनित्यता शिकवते. धुराने काय शिकवले? वंदनेतले शील धुरावर अवलंबून नाही. शेवटी ठरले की आत फक्त फुले आणि एक दिवा, खिडक्या उघड्या, आणि ज्याला उदबत्ती लावायचीच त्याने ती अंगणात लावावी. झाडलोट वंदनेच्या तासभर आधी, पाणी शिंपडून.

आजींचा दमा गेला नाही, तो जाणाराही नाही. पंप त्यांच्या पिशवीत असतो आणि नातवाने उकळून दिलेल्या पाण्याने त्या रोज नाक धुतात. पण आता त्या पायरीवर बसत नाहीत. आत, पहिल्या ओळीत बसतात.

आपल्या विहाराच्या पायरीवर कोणी बसलेले असेल तर एकदा विचारून पाहा.

जय भीम, नमो बुद्धाय.