‘बाइंड’ आणि ‘बांधणे’

इंग्रजी ‘बाइंड’ आणि मराठी ‘बांधणे’ यांतील साम्य उसनवारीचे नाही. दोन्ही क्रियापदे एकाच इंडो-युरोपीय धातूपासून आली आहेत. संस्कृत ‘बन्ध्’ हे त्याचेच रूप. मात्र व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. इंग्रजीत पुस्तक वा जखम ‘बाइंड’ करतात, घर नव्हे. आपण मोट बांधतो, राखी बांधतो आणि घरही बांधतो. नवी मुंबईत इमारती बांधल्या जाण्यापूर्वी येथील आगरी शेतकरी खाडीचे खारे पाणी अडवण्यासाठी भातशेतीला बांध घालत. ‘बांधकाम’ हा शब्द लिहिताना तो बांध विसरला, तर शब्दाचा इतिहास अपुरा राहतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की कोशातील मूळ पाहून थांबू नका. शब्द वापरणाऱ्या माणसांपर्यंत जा.