करून पाहू या! : दुधाशिवायचा पिझ्झा



आज एक पदार्थ सांगणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते. मोठी माणसं चुका सहसा सांगत नाहीत, हो की नाही? पण ही चूक सांगितल्याशिवाय आजचा पदार्थ तुम्हांला कळायचाच नाही.

मी नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातल्या एका गावात चौथीला शिकवते. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी वर्गाने हट्ट धरला, "बाई, पिझ्झा!" टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेला, खाल्लेला दोघा-तिघांनीच. मी तालुक्याहून चार पिझ्झे आणले आणि तुकडे करून वाटायला लागले. एक मुलगा मागे सरकला. म्हणाला, "बाई, मला दूध चालत नाही."

मी हसले. "अरे वेड्या, यात दूध कुठंय? खा एक घास, काही होत नाही."

बाईंनी सांगितलं म्हणून त्याने खाल्लं. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि त्याला उलटी झाली. त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तेव्हा माझे हातपाय कापत होते. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत तो बरा झाला. त्याची आई मला एका शब्दानेही रागावली नाही. फक्त म्हणाली, "बाई, तो सांगतो ना, तेव्हा खरंच सांगतो."

ते वाक्य मी सुट्टीभर विसरले नाही.

चीज म्हणजे दूधच!

पिझ्झ्यावरचं चीज दुधापासूनच करतात. दूध नासवून, त्यातलं पाणी काढून, घट्ट गोळा करतात. दुधात केसिन नावाचं प्रथिन असतं. गरम झालं की चीजला तार सुटते ती त्याच्यामुळे. काहींच्या शरीराला दुधातली प्रथिनं शत्रू वाटतात आणि शरीर त्यांच्याशी लढायला उठतं. याला दुधाची अ‍ॅलर्जी म्हणतात. यात एक घासही घातक ठरू शकतो. "थोडंसं चालतं" हे इथे लागू नाही बरं का!

काहींचं दुखणं वेगळं असतं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्यांना पचत नाही. मग पोट फुगतं, दुखतं, जुलाब होतात. त्रास होतो, पण ही अ‍ॅलर्जी नव्हे. कोणाला नेमकं काय आहे ते डॉक्टरच सांगू शकतात. पालकांनी परस्पर मुलांचं दूध बंद करू नये.

आणखी काही लोक प्राण्यांविषयीच्या कळवळ्याने दूध, तूप, मध असं काहीच खात नाहीत. त्यांना 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला. गंमत म्हणजे पिझ्झ्याचं गाव समजलं जाणाऱ्या इटलीतल्या नेपल्स शहरात 'मरिनारा' नावाचा एक जुना पिझ्झा मिळतो. त्यावर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल. चीज अजिबात नाही! म्हणजे चीज नसलं तरी पिझ्झा पिझ्झाच असतो.

माझा फसलेला प्रयोग

पण माझ्या वर्गाला वरचं पांढरं, मऊ, चिकट असं काहीतरी हवंच होतं. सुट्टीत मी घरी प्रयोग सुरू केले. आधी बेसन शिजवून पसरलं. सासूबाईंनी चाखलं आणि अहिराणीत विचारलं, "हाई काय शे?" मी म्हटलं, पिझ्झा. त्या म्हणाल्या, हे तर पोळीवरचं पिठलं!

मग आली कार्तिकी एकादशी. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी बिघडली. सगळा एकच गोळा झाला आणि झाऱ्याने उचलला तर तार सुटली! मी ओरडलेच, "सापडलं!" साबुदाणा म्हणजे टॅपिओका या कंदातला स्टार्च. पाण्यात शिजवला की तो फुगतो, चिकट होतो आणि ताणला जातो. खिचडीत जो दोष, तोच इथे गुण. आणि खिचडीतले शेंगदाणे? त्यांत स्निग्धपणाही आहे आणि प्रथिनंही. म्हणजे आपलं 'चीज' उपासाच्या डब्यातच होतं की!

साहित्य (चार छोटे पिझ्झे)

रोटीसाठी : दोन वाट्या कणीक, चहाचा एक चमचा ड्राय यीस्ट, एक चमचा साखर, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे तेल, कोमट पाणी पाऊण ते एक वाटी.

पांढऱ्या थरासाठी : अर्धी वाटी शेंगदाणे, एक वाटी पाणी, पोह्याचे दोन चमचे साबुदाण्याचं पीठ, एक चमचा तेल, लसणाची एक पाकळी, पाव चमचा आमचूर, चवीपुरतं मीठ.

लाल थरासाठी : चार टोमॅटो, चार पाकळ्या लसूण, अर्धा चमचा लाल तिखट, गुळाचा छोटा खडा, मीठ, चिमूटभर ओवा.

वरून : कांदा, ढोबळी मिरची, उकडलेले मक्याचे दाणे.

कृती

१. शेंगदाणे रात्री भिजत घाला. सकाळी दहा मिनिटं उकळा, सालं काढा आणि एक वाटी पाणी व लसूण घालून मिक्सरमधून अगदी गंधासारखं वाटा.

२. साबुदाणा कोरडाच मिक्सरमधून काढून चाळा. त्यातलं दोन चमचे पीठ पाव वाटी पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा.

३. कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला पाहिजे. पाणी कढत असेल तर यीस्ट मरतं, म्हणून बोट बुडवून बघा. बोटाला सुखद वाटलं पाहिजे. या पाण्यात कणीक, मीठ आणि तेल घालून मऊ भिजवा, दहा मिनिटं मळा आणि झाकून ठेवा. यीस्ट साखर खाऊन वायू सोडतं, त्याने कणीक फुगते. थंडीत तासभर लागतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पाऊण तासातच भांडं भरतं.

४. टोमॅटो, लसूण बारीक चिरून थोड्या तेलात परता. तिखट, मीठ, गूळ, ओवा घालून पाणी आटेपर्यंत शिजवा. ओरेगॅनो नसेल तर ओवा बराच जवळचा वास देतो. तिखट आमच्या नंदुरबारचं असेल तर जपून! हंगामात इथे मिरचीच्या लालभडक पथारी वाळत पडलेल्या असतात. नुसतं जवळून गेलं तरी शिंका येतात.

५. आता गंमत. शेंगदाण्याचं वाटण, साबुदाण्याचं पाणी, तेल आणि मीठ कढईत एकत्र करून मंद आचेवर सतत हलवा. चार-पाच मिनिटांत ते चकचकीत होऊन कडा सोडू लागेल. उतरवून आमचूर घाला. आमचूर आम्ही धडगावकडचा घेतला. तिथे उन्हाळ्यात घरोघरी कैऱ्या सोलून वाळवतात.

६. जाडसर रोटी लाटून तव्यावर एक बाजू भाजा आणि उलटा. भाजलेल्या बाजूवर लाल थर, भाज्या आणि चमच्याने पांढरे ठिपके घाला. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर सहा-सात मिनिटं ठेवा. ओव्हनची गरज नाही.

विस्तवाचं काम मोठ्यांसोबतच करायचं. खरं चीज जसं वितळतं तसं हे वितळत नाही आणि चवही हुबेहूब नाही, हे आधीच सांगते. पण खमंग लागतं.

तो शनिवार

सुट्टीनंतरच्या एका शनिवारी शाळेत बेत ठरला. या वेळी मी आधी त्याच्या आईला विचारलं. शेंगदाणे त्याला चालतात ना? (शेंगदाण्यांचीही अ‍ॅलर्जी असते.) चालतात, ती म्हणाली. रोज खातो. मग वर्गातल्या बाकीच्या पालकांनाही विचारलं. तवा, कढई, मिक्सरचं भांडं घासून घेतलं. आणि त्याला नेमलं तपासनीस! प्रत्येक पुडा त्याने मोठ्याने वाचला. वाचता वाचता वर्गाला कळलं की पुड्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, बिनदुधाचा नव्हे. दूध असेल तर घटकांजवळ तसं छापलेलं असतं, ते शोधावं लागतं. तयार पिझ्झाबेसच्या पुड्यावर त्याला 'मिल्क सॉलिड्स' सापडलं. त्याने तो पुडा शांतपणे बाजूला ठेवला. आम्ही तो वापरणारच नव्हतो, नुसता वाचायला आणला होता. पण त्याच्या तोंडावरचा रुबाब बघायला हवा होता!

पहिला तुकडा त्याला दिला. सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता आणि मीही. त्याने सावकाश चावलं, गिळलं आणि म्हणाला, "बाई, तिखट कमी पडलं."

मुलांनो, तुमच्याही वर्गात असं कोणीतरी असेल. त्याला दूध, शेंगदाणे किंवा अंडं चालत नसेल. वाढदिवसाला वाटप करताना आधी त्याला विचारा. तो "नको" म्हणाला तर आग्रह करू नका. आणि तुम्हांलाच एखादी गोष्ट चालत नसेल, तर समोर बाई असल्या तरी ठामपणे "नाही" म्हणा. बाईसुद्धा चुकतात.

हा पिझ्झा करून पाहा आणि कसा झाला ते मला पत्राने कळवा. बिघडला तर जरूरच कळवा!

तुमच्या,
बाई