सरकीचा दुसरा गुण

केळीचा मान रावेर-यावलकडे. आमच्या जामनेरच्या काळ्या जमिनींत राज्य कपाशीचें. रुई जिनांतून बाहेर जाते, सरकी मागें राहते, आणि तिची ढेप खाल्लेल्या म्हशीच्या दुधावर साय जाड येते, हें येथील प्रत्येक गृहिणी जाणते. कोठें कोठें बाळंतिणीसही दूध यावें म्हणून सरकीची खीर देतात. त्यास आधारही जुना आहे. भावप्रकाशांत हें बीज स्तन्य वाढविणारें आणि वृष्य, म्हणजे पुरुषत्वास पोषक, असें गणलें आहे.

यांतील दुसऱ्या विशेषणाविषयीं आज लिहावयाचें आहे. कारण चीन देशांत अनुभव नेमका उलट आला. तेथील कांहीं खेड्यांत घाण्याचें कच्चें सरकीतेल स्वयंपाकांत आलें आणि जोडप्यांना मुलें होईनाशीं झालीं. १९५७ सालीं हा संबंध तेथील एका वैद्यकीय मासिकांत मांडला गेला. दोष होता गॉसिपॉल या पिवळ्या द्रव्याचा. सरकीच्या गरांत जे काळपट ठिपके दिसतात, त्यांत तें सांठलेलें असतें. किडीपासून कपाशीचें रक्षण तें करतें. पुरुषाच्या देहांत मात्र शुक्रबीजांची उत्पत्ति थांबवितें.

१९७२ पासून तेथें आठ हजारांहून अधिक पुरुषांस त्याच्या गोळ्या देऊन पाहिल्या. नवल असें कीं, पुरुषत्वाचा जो अंतःस्राव, टेस्टोस्टेरॉन, तो बहुतेकांत उणा झाला नाहीं. उंदरांवरील कांहीं प्रयोगांत मात्र तोही घटला. एवढ्यावर ही गोळी जगभर खपली असती! परंतु कित्येकांच्या रक्तांतील पोटॅशियम उतरून हातपाय लुळे पडले, आणि कांहींचें बीज गोळी सोडल्यावरही परतलें नाहीं. १९९८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं हा नाद सोडावा असा सल्ला दिला.

मग म्हैस कशी निभावते? तिच्या पहिल्या पोटांत, जेथें चारा आंबतो, हें द्रव्य प्रथिनांशीं बांधलें जाऊन बरेंचसें निरुपद्रवी होतें. पारडाचें तें पोट तयार झालेलें नसतें. म्हणून लहान पारडापुढें ढेप टाकणें आम्हांस मान्य नाहीं. कोंबडीस ती चारल्यास अंड्याचा बलक हिरवट होतो म्हणतात, पण तो विषय आमच्या बहुतेक वाचकांच्या स्वयंपाकघराचा नव्हे!

बाजारच्या शुद्ध केलेल्या तेलाची धास्ती नको. क्षाराच्या प्रक्रियेंत गॉसिपॉल निघून जातें. धास्ती घाण्यावरून थेट आणलेल्या काळपट तेलाची. खिरीचें म्हणाल, तर शिजविल्यानें मोकळें द्रव्य कांहींसें कमी होतें. किती उरलें, हें पातेल्यांत पाहून कळत नाहीं. भावप्रकाशाविषयीं आमचा आदर जुना आहे. तरी आमच्या घरीं सूनबाईंसाठीं यंदा अळिवाचीच खीर झाली.