चैत्रातील तीन मैदाने

चैत्र शुद्ध त्रयोदशीला भगवान महावीरांचा जन्मकल्याणक महोत्सव, दोन दिवसांनी चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेचा प्रारंभ, पुढे पंधरवडाभर तिची वर्दळ, आणि यात्रा उठते न उठते तोच अक्षय्य तृतीयेची वर्षीतपाची पारणी. सायवनसारख्या गावी दुकान थाटून बसलेल्या कुटुंबाला या दिवसांत उसंत म्हणून मिळत नाही. त्यातच भात निघून मोकळ्या झालेल्या शेतांत टेनिसच्या चेंडूचे सामने रंगलेले असतात, रात्री घरोघरी आयपीएल चालू असते, आणि दिनदर्शिकेच्या एका कोपऱ्यात १ मेची ग्रामसभा मुकाट्याने वाट पाहत असते. यात्रेचे, खेळाचे आणि सभेचे अशी ही तीन मैदाने. पहिल्या दोहोंवर आपला व्यापारी बांधव हमखास दिसतो. तिसऱ्यावर तो का दिसत नाही, याचा विचार या वेळी करावा असे मनात आहे.

यात्रेविषयी आपल्या वाचकांना नव्याने काय सांगावे? पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडीचा पुजारी जव्हारच्या मुकणे घराण्याकडून आलेला ध्वज घेऊन डोंगराचा उभा कडा चढतो आणि शिखरावर तो फडकवतो. खाली महामार्गालगत भांडी, कापड, बांगड्या, शेतीची अवजारे, सुपे-टोपल्या यांची दुकाने लागतात. वीटभट्ट्यांवरून आणि वापी-उमरगावच्या कारखान्यांतून परतलेली कुटुंबे पावसाळ्यापूर्वीची मोठी खरेदी याच सुमारास करतात. दुकानदाराचा वर्षाचा ताळेबंद या खरेदीवर बराचसा अवलंबून असतो. म्हणजे ज्यांच्या हातचा पैसा आपल्या गल्ल्यात येतो, ते कोण आणि कोठले, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे.

खेळाच्या मैदानावर मात्र ही ओळख जराशी पुसट होते. पाड्यांवरील सामन्यांना आपण चषक देतो, फलकावर दुकानाचे नाव लावून घेतो. निवडणूक जवळ आली की त्याच फलकावर इच्छुक उमेदवारांचे हसरे चेहरेही झळकतात. आणि आपल्या समाजाची स्पर्धा भरली की ती केवळ समाजाचीच असते. त्यात वावगे काही नाही. दूरदूरच्या गावांतील मुले एकत्र येतात, ओळखी होतात, सोयरिकीही जुळतात. तथापि मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास या बाबतीत थोडा बोलका आहे. धर्मवार संघांची चौरंगी आणि पुढे पंचरंगी स्पर्धा तेथे अफाट लोकप्रिय होती. हिंदू संघाचा डावखुरा फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू याने १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्याच्या मैदानावर याच बाळूला चहा वेगळ्या मातीच्या पात्रातून दिला जाई. संघाचे कर्णधारपद त्याच्या वाट्याला कधी आले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. १९३७ साली बाळू निवडणुकीच्या मैदानात उतरला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून पराभूत झाला. पंचरंगी स्पर्धाही १९४६ साली बंद पडली. समाजाच्या स्पर्धेचा एक दिवस पाड्यांवरील संघांसाठी खुला ठेवला, तर समाजाचे काही उणे होणार नाही. उलट आपल्या मुलांना खरी वेगवान गोलंदाजी खेळावयास मिळेल.

आता तिसरे मैदान. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६च्या पेसा कायद्याने येथे पंचायतीच्या किमान निम्म्या जागा आणि सरपंचपद अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवले आहे. त्यामुळे दुकानाच्या ओट्यावर एक वाक्य वारंवार ऐकू येते: “आपल्याला सरपंच व्हायचे नाही, मग तेथे जाऊन करायचे काय?” या प्रश्नाचे उत्तर त्याच कायद्यात आहे. मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. म्हणजे आपणही आहोतच. गावच्या बाजाराचे व्यवस्थापन, मादक द्रव्यांवरील निर्बंध, गौण वनोपज आणि आदिवासींना दिल्या जाणाऱ्या कर्जव्यवहारावरील नियंत्रण, हे विषय या कायद्याने ग्रामसभा व पंचायतींच्या कक्षेत आणले आहेत. बाजार आणि उधारी! आपल्या व्यवसायाशी याहून निकटचे दुसरे काय असू शकते?

हे अधिकार कोठून आले, हेही विसरता कामा नये. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस बायकोसह सावकाराच्या दारी राबत राही, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ती सारी हकिकत आहे. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. पाड्यावरील वृद्धांच्या स्मृतीत ‘शेठ’ हा शब्द त्या काळाची सावली घेऊनच उभा असतो. आजचा दुकानदार त्या पिढीचा नव्हे, हे खरे. परंतु ते सिद्ध करण्याची जागा दुकान नसून सभा आहे. जो समोर येऊन बसतो, त्याच्याविषयीचा संशय हळूहळू ओसरतो. जो कधीच येत नाही, त्याच्याविषयी इतरांनी सांगितलेलेच खरे मानले जाते.

आपले अमेरिकेतील नातलग सांगतात की तेथे पक्षाचा उमेदवार कोण असावा, हेही आधी सामान्य मतदार ठरवितात. आपल्याकडे तिकीट वरून येते, त्यावर आपला उपाय नाही. पण मताचे मोल येथेही अल्प नाही. डहाणू विधानसभेचा निकाल २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळी सुमारे पाच हजार मतांच्या अंतराने लागला.

म्हणून सुचवावेसे वाटते ते इतकेच. १ मे रोजी दोन तास दुकान बंद ठेवावे. सभेत मागच्या ओळीत बसावे, प्रथम ऐकावे. बाजाराची जागा, पाणी, स्वच्छता यांचा विषय निघाला तर आपल्याला जे ठाऊक आहे ते नम्रपणे सांगावे. घरातील तरुणाला आणि सुनेलाही सोबत न्यावे. उधारीच्या वहीतील हिशेब गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत लिहावा आणि मागितला तर विनासंकोच दाखवावा. अशी वही ज्याच्या दुकानात आहे, त्याला कर्जव्यवहाराची चर्चा निघाल्यावर मान खाली घालावी लागणार नाही.