जकात माफ, मजुरीचे काय?

सोलापूरच्या पूर्वभागातील यंत्रमागांचा खडखडाट चालू राहणार की थांबणार, हे केवळ सोलापुरात ठरत नाही. जिनिव्हा, ब्रुसेल्स आणि वॉशिंग्टन येथे होणाऱ्या निर्णयांचाही त्यात वाटा असतो. विकसनशील देशांच्या मालाला विनाजकात किंवा अल्प जकातीने प्रवेश देणाऱ्या योजना हा त्यांपैकीच एक निर्णय. हा विषय निर्यातदारांच्या परिषदांवर सोडून देणे कामगार चळवळीला परवडणारे नाही.

या योजनांचा उगम न्याय्य विचारात आहे. असमानांना समान वागणूक देणे हाच अन्याय होय, ही राउल प्रेबिश यांची भूमिका १९६८ साली नवी दिल्लीत भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने मान्य केली. युरोपीय आर्थिक समुदायाने १९७१ साली व अमेरिकेने १९७६ साली सवलती सुरू केल्या. परंतु अमेरिकेच्या कायद्याने बहुतेक कापड व तयार कपडे सवलतीबाहेरच ठेवले. शिवाय १९७४ पासून २००४ अखेरपर्यंत वस्त्रव्यापारावर कोट्याची बंधने राहिली. ज्या मालात गरीब देश तरबेज, त्याच मालासाठी दार किलकिले! पुढे ५ जून २०१९ रोजी अमेरिकेने भारताची उरलीसुरली सवलतही काढून घेतली. जे हक्काने मिळालेले नसते, ते देणाऱ्याच्या लहरीवर टिकते.

सोलापूरच्या टॉवेलला खरी झळ युरोपात बसली. तेथे टॉवेलवरील नेहमीची जकात १२ टक्के. भारताला सवलत मिळूनही ती ९.६ टक्के पडे. बांगलादेशाचा माल अल्पविकसित देश म्हणून २००१ पासून, तर पाकिस्तानचा माल विशेष सवलतीखाली २०१४ पासून विनाजकात जाऊ लागला. हिशेब सोपा आहे. पाकिस्तानी टॉवेल बंदरात १०० रुपयांना उतरत असेल, तर त्याच्या बरोबरीला येण्यासाठी भारतीय टॉवेल सुमारे ९१ रुपयांना विकावा लागतो. सुताचा भाव कारखानदाराच्या हाती नाही, विजेचा दरही नाही. मग हे नऊ रुपये कोठून काढायचे? नगावर राबणारा विणकर आणि कांड्या भरणारी स्त्री यांच्या मजुरीतून काढण्याचा मार्ग सर्वांत सोपा, कारण तेथे प्रतिकार सर्वांत दुबळा.

मात्र याचा दोष फैसलाबाद वा ढाक्याच्या कामगाराला देणे ही शुद्ध दिशाभूल ठरेल. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे गाडली गेली. त्यांनी शिवलेले कपडे युरोपात विनाजकातच जात होते. माफ झालेल्या जकातीने त्या कामगारांचे जिणे सुरक्षित केले नाही. युरोपातील बड्या विक्रेत्या साखळ्या दर पाडून मागतात आणि सवलतीचा मोठा भाग तेथेच जिरतो.

हीच कसोटी आपल्या दारालाही लावली पाहिजे. २०११ साली भारताने बांगलादेशाच्या तयार कपड्यांना जकातमुक्त प्रवेश दिला. शेजारच्या गरीब देशाला हात देणे समाजवादी विचाराशी सुसंगतच आहे. पण चिनी कापडावर तेथे केवळ टाके घालून तो माल आत आला, तर लाभ कोणाचा आणि सोलापूरच्या गणवेश शिवणाऱ्या कारागिराने किंमत कोणासाठी मोजायची? मे २०२५ मध्ये भारताने खुष्कीच्या मार्गाने होणारी ही आयात रोखली. तिचे कारण कारागिराच्या हितापेक्षा दोन सरकारांमधील बेबनावात अधिक होते. सवलत द्यायची तर मालाच्या मूळ उत्पादनाची काटेकोर तपासणी हवी, आणि झळ सोसणाऱ्या धंद्याला आधारही हवा.

आता चित्र पालटू लागले आहे. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी मुक्त व्यापार करार झाला. युरोपीय संघाशी २००७ पासून रेंगाळलेल्या वाटाघाटी जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. भारतीय टॉवेलवरील जकात उतरली की विदेशी खरेदीदार लगेच कमी दर मागतील आणि उरलेला फायदा निर्यातदार आपल्या वहीत ओढू पाहतील. नऊ रुपयांचा तोटा विणकराच्या माथी मारता येत होता, तर त्या नऊ रुपयांच्या लाभात त्याचा वाटा का नसावा?

म्हणून मागण्या आजच मांडल्या पाहिजेत. निर्यातीसाठी मिळणारे प्रत्येक सरकारी साहाय्य किमान वेतन व भविष्य निर्वाह निधी यांच्या अंमलबजावणीशी जोडावे. लहान मागधारकांना सहकारी तत्त्वावर वाजवी भावात सूत मिळावे. कारखान्याचे कागदोपत्री तुकडे पाडून कामगार कायदे चुकवण्याची पळवाट बंद करावी. करार अमलात आल्यावर वाटा मागण्यापेक्षा तो आधीच ठरवून घेणे सोपे असते. सोलापूरच्या कार्यकर्त्यांनी हा नऊ रुपयांचा हिशेब मागामागावर जाऊन समजावून सांगावा. संघटनेचे काम तेथूनच सुरू होते.